सकाळचे हात

आमच्या खमरियाच्या क्वार्टरात कुठल्याच बरणीचं झाकण घट्ट लावलेलं नसे. लोणच्याची, साखरेची, बेसनाची, सगळी झाकणं नुसती वर ठेवलेली. एखादी पाहुणी मदत करायच्या हौसेनं स्वयंपाकघरात शिरली आणि सवयीनं झाकण फिरवून गेली, की दुसऱ्या दिवशी आईची सकाळ तिथंच अडायची. साखरेला मुंग्या लागत, बेसन सर्द होई, त्याबद्दल कोणी काही बोलत नसे. नळाला बाबांनी लांब दांड्याची तोटी बसवून घेतली होती, दाराच्या कडीला सुतळीचा फास बांधला होता, आणि गॅस पेटवायचं काम माझ्याकडे होतं, कारण लायटर दाबणं आईच्या अंगठ्याला जमत नव्हतं. माझ्या वयाच्या मुली तेव्हा काय काय शिकत होत्या. मी आईच्या ब्लाउजचे हूक न बघता लावायला शिकले होते. यात काही विशेष आहे असं मला मुळीच वाटत नसे. उलट दुसऱ्यांच्या घरी झाकणं एवढी आवळून का ठेवतात, हेच मला कळायचं नाही.

आई सगळ्यांच्या आधी उठायची. उठायची म्हणजे जागी व्हायची. उठणं ही त्यानंतर बऱ्याच वेळानं होणारी गोष्ट होती. आधी पाय पलंगाखाली सोडायचे, मग थांबायचं, मग कोपरांवर भार देऊन उभं राहायचं, कारण तळहात टेकवता येत नसत. बाबा गरम पाण्याची बादली आणून ठेवत आणि आई स्टुलावर बसून दोन्ही हात मनगटाच्या वर बुडवून ठेवी. त्या वेळी घरात बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. दारूगोळ्याच्या कारखान्याचा भोंगा व्हायचा, लांब मैदानात तोफगोळ्यांच्या चाचणीचे बार सुरू झाले की खिडक्यांची तावदानं थरथरायची, कुकरची शिट्टी व्हायची, आणि आई डोळे मिटून पाण्यात बोटं हलवायचा प्रयत्न करत राहायची. मग चहाबरोबर सकाळची ती छोटी पांढरी गोळी. तिला आमवात होता. डॉक्टर त्याला लांबलचक इंग्रजी नावानं ओळखत, हिंदी बोलणाऱ्या शेजारणी गठिया म्हणत, आणि आई त्याला काहीच म्हणत नसे.

या दुखण्याची एक खोड आहे, आणि ती समजल्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही. रात्रभर सांधे आखडतात. सकाळी हात लाकडासारखे. गरम पाणी, गोळी आणि वेळ, या तिन्ही गोष्टी मिळाल्या की दहा-अकराच्या सुमाराला ते हळूहळू सुटायला लागतात. आईची शाळा गोहलपुरात होती, साडेदहाची, सरकारी, आणि ती पहिलीला शिकवायची. म्हणजे शाळेत जी बाई पोचायची ती सुटलेल्या हातांची, इस्त्रीच्या साडीतली, हसतमुख कुंदा मॅडम असायची. सहा वाजताची बाई फक्त बाबांना आणि मला ठाऊक होती. आणि ती तिसऱ्या कुणाला कळू नये यासाठी आई जितकी धडपडायची, तितकी तिनं स्वतःसाठी कधी धडपड केली नसेल. हळदीकुंकवाला गेली तर हात पदराखाली. कोणी वाटी पुढे केली तर "ठेवा ना, घेते." महालक्ष्म्यांचं पुरण बाबा दार लावून घोटायचे आणि बायका "कुंदाताई, पुरण कसं मऊ झालं हो!" म्हणाल्या की आई संकोचानं हसायची आणि बाबा वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

तरीही कुणकुण लागायचीच, आणि मग उपायांचा पाऊस पडायचा. तांब्याचं कडं, मेथीचे लाडू, निर्गुडीचा पाला, महुआचं तेल. कॉलनीतल्या एका काकूंनी तर मधमाशी चावून घ्यायला सांगितलं होतं. आई सगळ्यांचं नीट ऐकून घ्यायची, धन्यवाद म्हणायची आणि घरी येऊन सांगायची, "मधमाशीला आधी विचारा म्हणावं." औषधं कारखान्याच्या दवाखान्यातून मिळत आणि तिथले डॉक्टर बिचारे भले होते. आम्ही त्या बाबतीत नशीबवानच. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या कितीतरी बायकांच्या तोंडून मी ऐकलंय की गोळ्या बाहेरून आणायच्या म्हणून एक दिवसाआड खातो. औषध मिळणं आणि आजार मान्य होणं या दोन निराळ्या गोष्टी असतात, हे मला त्या वर्षी कळलं.

त्या वर्षी, मी कॉलेजात असताना, आईची बदली झाली. मझौलीच्याही पुढे एका खेड्यात. सकाळची शाळा, पहाटेची बस, बसस्टँडपासून पुढे मिळेल त्या वाहनानं. हुकूम घेऊन ती घरी आली तेव्हा मी वरणफळं खात होते. तिनं कागद टेबलावर ठेवला, हात धुतले, आणि स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. बाबा आल्यावर त्यांनी वाचला. दोन्ही बाजूंनी वाचला, मागच्या बाजूला काही नव्हतं तरी.

"पहाटे पाचची बस तू कशी पकडशील?" बाबा म्हणाले.

"पकडीन."

"काय पकडशील, कुंदा? बसचा दांडा तरी धरता येते का तुला त्या वेळी?"

 नोकरी सोडणं हा एक मार्ग होता आणि तो त्या टेबलावर आमच्या तिघांच्या मधे पडून होता. त्याला कोणी हात लावत नव्हतं. आईला शाळा हवी होती. पगार हवा होता हे खरंच, पण त्याहून जास्त, घराबाहेर जिथं ती आजारी नव्हती अशी ती एकच जागा होती. शेवटी तिच्याच शाळेतल्या हेडमास्तरांनी वाट सुचवली. सरकारी रुग्णालयात मेडिकल बोर्ड बसतं, त्यांनी चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला दिला तर बदली रद्द होऊ शकते. "बनवा लीजिए मैडम, आपका तो हक बनता है," ते म्हणाले. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. आईला बदलीपेक्षा याचाच धक्का जास्त बसला असावा, कारण त्या संध्याकाळी ती दोनदा म्हणाली, "त्यांना कसं कळलं असेल गं?"

बोर्डाच्या दिवशी आई नेहमीपेक्षा लवकर उठली. हात नेहमीपेक्षा जास्त वेळ शेकले. गोळी घेतली, वर दुखण्याची दुसरीही घेतली. मी तिला फिकट जांभळी साडी नेसवली, वेणी घातली, तिनं पावडर लावली, लिपस्टिक नाही पण ओठांना थोडं तूप लावलं. बाबा दारात स्कूटर पुसत उभे होते. ते म्हणाले, "तू काहून इतकी तयारी करून राहिली? लग्नाला चाललो काय?"

"डॉक्टर लोक असतात तिथं," आई म्हणाली. "गबाळं जायचं का?"

आज मला वाटतं, ही चूक फक्त आमच्यासारख्याच घरात होऊ शकते. मोठ्या माणसांपुढे जायचं तर नीटनेटकं, हसतमुख, विचारलं तर "बरं आहे" म्हणायचं. लहानपणापासून हाडात मुरवलेलं असतं. तिथं रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकांवर, जमिनीवर, कुबड्या आडव्या टाकून माणसं बसली होती. आमच्या शेजारी गुडघ्याला मळकी पट्टी बांधलेली एक बाई होती. तिनं आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "किसके लिए आई हो दीदी?" आईनं सांगितलं, माझ्याचसाठी. बाई कपाळाला हात लावून म्हणाली, "हाय राम, बोर्ड में साड़ी प्रेस करके कौन आता है!" आई हसली. मीही हसले. आमचा नंबर लागेपर्यंत दुपार झाली होती.

आत एक हाडांचे डॉक्टर होते, बाजूला आणखी दोघे, आणि एक कारकून. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. दमलेला होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "मुट्ठी बाँधिए।" आईनं बांधली. पूर्ण नाही, पण जवळजवळ. "खोलिए। कलाई घुमाइए। हाथ ऊपर।" आई एकेक करत गेली, शाळेच्या कवायतीत उभी असल्यासारखी, आणि चेहऱ्यावर तेच हसू. मला ओरडावंसं वाटत होतं की आई, थांब, कशाला करतेस. डॉक्टरनं विचारलं, "दर्द कितना रहता है?" आणि माझी आई, जिला सकाळी पांघरूण स्वतःच्या अंगावरून बाजूला करता येत नाही ती माझी आई, म्हणाली, "थोड़ा-बहुत तो चलता है, सर।"

दाखल्यावर चाळीसच्या आतला आकडा आला. म्हणजे तो दाखला असून नसल्यासारखा होता.

 घरी आल्यावर बाबा बोलले, आणि मी त्यांना आईवर एवढं चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. "थोडाबहुत! थोडाबहुत चलता है! अरे, मग मी रोज सकाळी बादल्या कोणासाठी उचलून राहिलो?" आई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, दिवसभराच्या कसरतीनं सुजलेले. ती हळू आवाजात म्हणाली, "मला नाही येत लोकांपुढे कण्हायला."  मग बाबांनी बाहेरच्या खोलीत जाऊन फोनवर कुणाकुणाशी बोलून चौकशी केली. पुन्हा तपासणीचा अर्ज करता येतो हे कळलं. हेडमास्तरांनी तोवर आईला जुन्या शाळेतून सोडलं नाही. आणि अर्जानंतर तारीख मिळाली तेव्हा त्यांनी आपला बेत सांगितला. बोर्डाच्या आधी काही दिवस गोळ्या बंद. गरम पाणी बंद. जे आहे ते तसंच घेऊन जायचं.

"म्हणजे मी नाटक करू?" आईनं विचारलं.

"नाटक तर तू रोज करून राहिली, कुंदा," बाबा म्हणाले. "शाळेत करते, शेजारी करते, माझ्या बहिणीसमोर करते. चार दिवस ते बंद कर, बस. एवढंच सांगून राहिलो मी."

 आई म्हणाली, "चलो. ठीक आहे."

ती पांढरी, स्टेरॉइडची गोळी अशी एकदम सोडायची नसते, त्यानं जिवावर बेतू शकतं, हे मला पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आम्ही दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, आणि बाबांना नाही ऐकायचं नव्हतं. आज पन्नाशीकडे झुकल्यावरही मला बाबांचा राग येतो आणि त्याच वेळी त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हेही सांगता येत नाही.

पहिल्या दिवशी विशेष काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपार झाली तरी सकाळ संपेना. अकरा वाजले, बारा वाजले, हात तसेच. मनगटं सुजून तकतकीत झाली, अंगात कणकण भरली, गुडघ्यावर चादरीचा भार सोसेना म्हणून बाबांनी पलंगावर पाट उभा करून चादर त्यावरून टाकली. मी मऊ खिचडी चमच्यानं भरवत होते. तोंड उघडतानाही जबड्याच्या सांध्यात कळ येत होती, म्हणून चमचा अर्धाच भरायचा. मी कॉलेजला गेले नाही. बाबा कामावर गेले की घरात आम्ही दोघीच, आणि मैदानातले बार. प्रत्येक आवाजासरशी आईचे डोळे आवळले जायचे. एकदा तिची नजर फडताळाकडे गेली, जिथं गोळ्यांचा डबा होता, आणि तिथंच राहिली. माझं डोकं फिरलं. मी उठून डबा आणला, पांढरी गोळी काढली, पाणी घेतलं आणि तिच्या ओठांशी नेलं.

"घे. मी सांगते बाबांना. गेला तो दाखला खड्ड्यात."

तिनं मान फिरवली. "नको."

"आई, घे म्हणते ना मी!"

"नको गं. इतकं सोसलं ते वाया जाईल." मग थोड्या वेळानं, "पहिलीच्या मुलांचे हात नुकते वळायला लागलेत. दिवाळीपर्यंत सगळे लिहायला लागतील बघ." मी गोळी परत डब्यात टाकली आणि मोरीत जाऊन नळ मोठा सोडून रडले. संध्याकाळी बाबांशी मी इतकी भांडले की शेजारच्या तिवारी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.  बाबा पीठ मळत होते, मळतच राहिले, आणि त्या दिवशीच्या पोळ्या कुणीच खाल्ल्या नाहीत.

बोर्डाच्या दिवशी ऑटो दारापर्यंत आणला. साडी नेसवणं शक्यच नव्हतं. मी आईला बाबांचा सैल कुर्ता आणि तिचाच परकर घालून वरून शाल गुंडाळली. बाबा म्हणाले, केस राहू दे तसेच. त्यावर आई कितीतरी दिवसांनी तिच्या खऱ्या आवाजात बोलली. "केस विंचरूनच येईन. केसांना नाही झालेला आमवात." मी तिची वेणी घातली. ऑटोवाला खड्डे चुकवत होता, चुकवता येईल तितके, आणि प्रत्येक खड्ड्याला "सॉरी अम्मा" म्हणत होता. आईचं वय तेव्हा अम्मा म्हणण्याचं नव्हतं.

तोच डॉक्टर, तोच कारकून. त्यांनी आईला ओळखलं नाही. "मुट्ठी बाँधिए।" आईच्या बोटांत काहीच हललं नाही. डॉक्टरनं वर बघितलं. तो उठून पुढे आला, तिचं मनगट हातात घेतलं आणि सवयीनं वळवून बघितलं. आई ओरडली. कण्हली नाही, ओरडली. बाहेर व्हरांड्यातली कुजबूज एकदम थांबली. तो आवाज माझ्या आईचा होता हे समजायला मला क्षणभर वेळ लागला, कारण मी तो कधी ऐकलाच नव्हता. डॉक्टर घाईनं हात सोडून म्हणाला, "सॉरी, सॉरी माताजी," आणि खुर्चीत बसून लिहायला लागला. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोळ्यांवर रुमाल धरला होता.

कारकुनानं कागद पुढे सरकवला. "यहाँ साइन।" आईनं पेनाकडे पाहिलं. मी पेन तिच्या बोटांत अडकवायला बघितलं, ते गळून पडलं, पुन्हा अडकवलं, पुन्हा पडलं. कारकून म्हणाला, "रहने दो, अँगूठा लगवा लो।" त्यानं शाईचा पॅड उघडला आणि सहज, रजिस्टरात काहीतरी भरायचं म्हणून, विचारलं, "पढ़ी-लिखी हैं?"

"पहली पढ़ाती हूँ," आई म्हणाली.

त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली, आणि तिचा वाकडा अंगठा दोन्ही हातांनी धरून पॅडवर टेकवला. अंगठा सरळ होत नव्हता म्हणून ठसा अर्धाच उमटला. त्याला तेवढा पुरला.

त्या दिवशी घरी पोचताच बाबांनी आधी गोळी दिली आणि मग बूट काढले. हात सुटायला बरेच दिवस गेले. काही बोटं पूर्वीइतकी पुन्हा सुटलीच नाहीत. दाखला बाबांनी स्वतः जाऊन आणला. येताना खोव्याची जिलेबी घेऊन आले, कारण आकडा चाळीसच्या चांगलाच वर होता आणि बदली रद्द होणार हे आता नक्की होतं. तशी ती झालीही. आई स्टुलावर बसून हात शेकत होती. तिनं सांगितलं, "वाचू द्या मला." बाबांनी कागद तिच्या डोळ्यांपुढे धरला. ती सगळं सावकाश वाचत गेली, वहीतल्या चुका शोधाव्यात तसं, आणि शेवटच्या ओळीवर थांबली. दाखला तात्पुरता होता. पाच वर्षांनी पुन्हा बोर्डापुढे हजर व्हायचं होतं.

आई हसायला लागली. इतकी हसली की बादलीतलं पाणी हिंदकळलं. "दुखणं जन्माचं, आणि कागद पाच वर्षांचा!"

"पाच वर्षांनंतरचं तेव्हा पाहू," बाबा म्हणाले. "तेव्हा पुन्हा..."

"पुन्हा नाही," आई म्हणाली. हसणं थांबलं होतं. "तेव्हा मी गोळी घेऊन जाईन. त्यांना दिसलं तर दिसलं. नाही दिसलं तर खेड्यात खोली घेऊन राहीन, पण तसं परत नाही." बाबांनी कागदाची घडी घातली आणि उगाच पुन्हा उघडली. मग आई माझ्याकडे वळली. "तू ये माझ्याबरोबर. तू सांग त्यांना मी सकाळी कशी असते ते. तू रोज बघतेस ना?"

मी म्हटलं, बघते.

"मग झालं तर. लाजायचं नाही. सगळं सांगायचं."